पाठ फिरली की गप्प

"हाताची घडी, तोंडावर बोट," मी म्हणालो, आणि मी कानडीत काहीतरी बोललो असल्यासारखा अख्खा वर्ग माझ्याकडे बघत राहिला.

हे वाक्य आपल्याकडच्या कुठल्याही शाळेत म्हणा, पोरं झोपेतसुद्धा बोट ओठांवर नेतील. तांबखडीच्या हायस्कुलातल्या सातवी 'ब'ने हाताची घडी तेवढी घातली. बोट मात्र एकाचंही तोंडाकडे गेलं नाही.

"अर्धंच ऐकू आलं का रे?" मी आवाज चढवला. "तोंडावर बोट."

पहिल्या बाकावरून एक मुलगी उठली. घट्ट वेण्या, कपाळावर आठी आणि चेहऱ्यावर चार लेकरांची आई असल्याचा भाव. ही जयमाला ढोबळे, वर्गाची मॉनिटर. तिने आधी माझ्याकडे नीट तोंड केलं आणि मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "सर, आमच्या वर्गात तोंडावर हात ठेवायचा नसतो."

"तोंडावर हात ठेवायचा नसतो," मागून सगळा वर्ग गरजला.

"कुणी सांगितलं?"

"कोष्टी बाईंनी."

"कोष्टी बाईंनी," पुन्हा सगळे. खिडकीतला कावळा उडून गेला.

ही पोरं माझी टर उडवताहेत, याबद्दल मला शंका उरली नाही. बदली मास्तर आला की पोरं त्याला पाण्यात बघतात, हे मला पाठ होतं, कारण मी त्यातलाच होतो. बी. एड. झाल्यापासून कुणाचं आजारपण, कुणाचं बाळंतपण, की तेवढ्यापुरता मी त्यांच्या खुर्चीत. कागदावर त्याला रजेच्या मुदतीतली नेमणूक म्हणतात. माझे वडील मला 'उसनं मास्तर' म्हणत. त्यात नाव सुकुमार मगदूम आणि अंगाने मी तालमीतून उठून आल्यासारखा, त्यामुळे हजेरी घ्यायच्या आधीच पोरांना हसायला एक विषय मिळायचा.

इथे मात्र कुणी हसलं नव्हतं. तीच गोष्ट मला खटकत होती.

कोष्टी बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मिरजेला गेल्या होत्या. एक डोळा, मग दुसरा, म्हणजे दीडेक महिना माझी सोय झाली होती. रुजू व्हायला गेलो तेव्हाच हेडमास्तर पिसे सरांनी मला समोर बसवून चहा पाजला. हेडमास्तर उसन्या मास्तराला चहा पाजतो तेव्हा त्यात काहीतरी असतं.

"सातवी 'ब' म्हणजे आठवड्याचा बाजार आहे मगदूम," ते म्हणाले. "शेजारच्या वर्गात शिकवता येत नाही. बाकं बडवतात, ओरडतात. कोष्टी बाईंचा ताबाच राहिला नाही. संस्थेचंही तेच मत आहे, पण बाईंना घरी बसा म्हणायला काहीतरी कारण पाहिजे. तुम्ही नव्या नजरेनं बघा आणि काय कमी आहे ते मला सांगा. बाकीचं माझ्याकडे लागलं."

"बाकीचं म्हणजे?"

"जागा रिकामी झाली तर ती भरावी लागेलच की."

मला दुसऱ्यांदा सांगायची गरज नव्हती. कायमची नोकरी म्हणजे त्या वेळी माझ्यासाठी सगळंच होतं. ती मिळाल्याशिवाय लग्नाचं नाव काढायचं नाही, असं मुलीकडच्यांनी सांगितलं होतं, आणि मुलगी किती दिवस थांबेल ते तिलाही माहीत नव्हतं. तेव्हा काय कमी आहे ते शोधायचं, एवढंच माझं काम होतं. आणि शोधण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा कुणी नव्हता. नको तिथे नाक खुपसायची माझी सवय लहानपणापासूनची. शेजारच्यांनी भाजी कसली केली, हे आई मला विचारायची.

तर मी बघायला लागलो आणि चक्रावलो.

या वर्गात कुणी बसल्या जागेवरून बोलत नसे. बोलायचं तर उभं राहायचं, माझ्याकडे तोंड करायचं आणि 'गाऽय' म्हणताना दवाखान्यात 'आ' करतात तेवढं तोंड उघडायचं. एकाने उत्तर दिलं की ते बाकीच्यांनी परत म्हणायचं. माझं लक्ष दुसरीकडे असेल तर 'सर' अशी हाक कुणी मारत नसे. बाकावर दण्णकन हात आपटत किंवा जमिनीवर पाय. पिसे सर एकदा दारात आले, तर मला दिसायच्या आधी अख्खा वर्ग पाय आपटत उभा राहिला. माझ्या टेबलावरची शाईची दौत थरथरली. "बघितलंत?" असा चेहरा करून पिसे सर निघून गेले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी त्याला दंगा म्हणून मोकळा झालो असतो. पण खरी मेख पुढे होती.

मास्तरने फळ्याकडे तोंड केलं की वर्गात काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. खुसफुस, चिमटे, कागदाची विमानं. मी स्वतः शाळेत तेच केलं होतं. सातवी 'ब'मध्ये माझी पाठ फिरली की टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता व्हायची. मी कविता लिहीत असे तोवर मागे श्वाससुद्धा जपून. आणि मी वळलो, की बाजार पुन्हा सुरू.

मी परीक्षा घ्यायची ठरवली. फळ्यावर लिहिता लिहिता मागे न बघता विचारलं, "नजीर, शिवनेरी कुठल्या जिल्ह्यात?"

उत्तर नाही. मी लिहीत राहिलो. वर्ग गप्प. मी वळलो. मागच्या बाकावरचा नजीर केव्हाचा उभा होता. मी वळल्याबरोबर तोंडभर म्हणाला, "पुणे जिल्ह्यात."

"पुणे जिल्ह्यात," वर्ग.

"मघाशी का नाही बोललास?"

"तुमी पाठमोरं हुता सर," तो म्हणाला, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं.

त्या दिवशी मला वाटलं, सापडलं. बाईंचे डोळे अधू झाले होते. त्यांना पोरं ओळखू येत नसतील, म्हणून उभं राहायचं, म्हणून मोठ्याने बोलायचं. मी खूश होऊन जयमालाला विचारलं, "कोष्टी बाईंना नीट दिसत नव्हतं ना गं?"

"व्हय सर. आता दिसंल. बाईंना दिसायलाच पायजे," ती म्हणाली. तिचा आवाज एवढा कळवळला की मी गोंधळलो. सगळा वर्ग रोज सकाळी मला तेच विचारायचा, डोळ्यांचं काही कळलं का म्हणून. पण घरी जाताना सायकलवर विचार केला तेव्हा माझं उत्तर डळमळायला लागलं. ज्याला दिसत नाही त्याला हाक मारतात. बाक कशाला बडवतील? आणि जिला दिसत नाही तिच्यापुढे एवढं मोठं तोंड उघडून काय उपयोग? रात्री जेवताना मी आईलासुद्धा मोठं तोंड करून 'आमटी वाढ' म्हणून बघितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावला.

आमचा वर्ग व्हरांड्याच्या अगदी टोकाला. त्याच्या खिडकीबाहेर लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि तीच शाळेची घंटा. शिपाई हातोड्याने टोल द्यायचा तेव्हा माझ्या दाढा हलायच्या. या खोलीत शिकवायला कुणी मास्तर तयार नसायचा. कोष्टी बाईंनी ती आपणहून मागून घेतली होती म्हणे. सोशीक बाई असणार, असं मला वाटलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एकदा इतिहासाचा तास चालला होता. मी रंगात आलो होतो. टोल पडला, आणि पडल्याबरोबर जयमाला माझ्यासमोर उभी राहिली, पुस्तक उघडून दोन्ही हातांनी माझ्या तोंडापुढे धरलं आणि फटकन मिटलं. हे ती रोज करायची. त्या दिवशी माझं वाक्य अर्धवट राहिलं म्हणून मला राग आला.

"ही काय पद्धत झाली? मास्तर बोलतोय आणि तू पुस्तक मिटतेस?"

ती गडबडली. मागून नजीर उठला, तिची बाजू घ्यायला. "तिचा काय दोष न्हाई सर. टोल झाला की तिनं म्होरं उभं ऱ्हायाचं, आसं ठरलंय. न्हाईतर बाईंना कळणार कसं?"

"काय कळणार?"

"टोल झालेला."

तो बोलून गेला आणि त्याच्या लक्षात आलं. जयमालाने वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो मटकन खाली बसला. एरवी प्रत्येक उत्तर परत म्हणणाऱ्या त्या वर्गात एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही.

"मागं आवाज येत न्हाई सर, टोलाचा," जयमाला म्हणाली.

खिडकीबाहेर शिपाई अजून उभा होता. हातोड्याने मला खुणावत, तास संपला म्हणून. रूळ अजून घुमत होता. मी त्या रुळाकडे बघितलं, जयमालाकडे बघितलं आणि माझंही पुस्तक मिटलं.

मधल्या सुट्टीत मी टाकीवर हात धूत होतो. जयमाला आणि नजीर येऊन उभे राहिले. तिने त्याला पुढे ढकललं, त्याने तिला. शेवटी तीच बोलली.

"सर, तुमाला कळलं न्हवं?"

"कळलं."

"समदं?"

"बाईंना ऐकू येत नाही. आपल्या ओठांवरून त्या ओळखतात. बरोबर?"

"लांबचं वळखू येत न्हाई," नजीर म्हणाला. "माझं तोंड मागं पडतं. म्हणून समदी परत म्हंत्यात. कुणाचं तरी दिसतं की."

"आणि हा आरडाओरडा?"

"वरडत न्हाई सर आमी. तोंड मोठं केलं की आवाज आपसूक मोठा हुतो. गेल्या वर्षापास्नं बाईंना आमची तोंडं अंधुक दिसाया लागली, मग आणखी मोठं कराय लागलो."

"आणि मी फळ्याकडे वळलो की गप्प?"

जयमाला म्हणाली, "एकदा बाई लिवत हुत्या. आमी दंगा घातला. आन् हेडसर दारात. बाई आपल्या लिवत्यात, लिवत्यात. हेडसर बघत्यात. तवापास्नं ठरलं, बाईंची पाठ फिरली की हूं का चूं करायचं न्हाई. बाहेरच्याला दिसाया नको, बाईंना कळंना झालंय ते. आता मास्तर कुणी बी आसू दे, सवयच लागलीया."

मी ओले हात तसेच धरून उभा होतो. मी जे शोधायला आलो होतो ते माझ्या हातात आयतं पडलं होतं. पिसे सरांना एवढं एकच वाक्य सांगायचं, की ऐकू न येणारी बाई वर्गावर उभी आहे. त्यानंतर कुणाला काहीच विचारायची गरज उरली नसती.

"सांगू नगा सर," जयमाला म्हणाली.

"पिसे सरांना?"

"त्येंना तर न्हाईच. पर बाईंना सांगू नगा."

मी हसलो. "अगं, बाईंना काय सांगायचं? त्यांना ऐकू येत नाही हे त्यांना माहीत असणारच की."

"ते म्हाईत हाय वो त्येंना," ती कळवळून म्हणाली. "आमाला म्हाईत हाय, ते त्येंना म्हाईत न्हाई."

हे माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

मग नजीरने सांगितलं. पाचवीत असताना एकदा बाईंची बहीण डबा द्यायला आली होती. दारात उभं राहून दोघी बोलत होत्या. बाई आपल्या समजुतीने अगदी कानात कुजबुजत होत्या, पण आपला आवाज किती लहान, किती मोठा, हे आता त्यांना समजत नव्हतं. सगळ्या वर्गाने ते कुजबुजणं ऐकलं. "पोरांना अजून पत्ता नाही," बाई बहिणीला म्हणाल्या होत्या. "ज्या दिवशी पोरांना कळेल त्या दिवशी मी शाळा सोडीन. पोरांची कीव घेऊन मला शिकवायचं नाही."

"म्हणून आमी दंगाच घालतो," नजीर म्हणाला. "बाई चिडत्यात. बाक का बडवता म्हंत्यात. म्हणू द्या. त्येंच्या पायाला कळतं ना."

बारा-तेरा वर्षांची पोरं. मी बी. एड.ला वर्गनियंत्रणावर तीन तासांचा पेपर दिला होता आणि पहिला वर्ग मिळवला होता. एक मास्तरीण आणि अख्खा वर्ग यांच्यात कोण कुणाला सांभाळतं, असा प्रश्न त्यात नव्हता. मला गलबलून आलं. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी मला ती नोकरीही हवी होती, अगदी पोटातून हवी होती. दोन्ही एकदम वाटत होतं. त्या रात्री मी उठून दोनदा पाणी प्यायलो.

दुसऱ्या दिवशी पिसे सर आपण होऊन वर्गावर आले. पाय आपटले गेले. ते माझ्या खुर्चीशेजारी उभे राहून म्हणाले, "काय मगदूम, काही निष्कर्ष?"

पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. एवढ्या डोळ्यांनी माझ्या तोंडाकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.

"सर, या वर्गात प्रत्येक मूल उभं राहून स्पष्ट बोलतं," मी म्हणालो. "दुसऱ्याचं उत्तर ऐकतं आणि सगळे ते परत म्हणतात, त्यामुळे ढ पोरांचंही पाठांतर होतं. गोंगाट होतो, पण तो अभ्यासाचा आहे."

"आणि ताबा?"

"तुम्हीच बघा." मी खडू उचलला आणि फळ्याकडे वळलो. सावकाश, वळणदार अक्षरात कवितेची चार कडवी लिहून काढली. मागे पानसुद्धा सळसळलं नाही. मी लिहीत होतो आणि माझी नोकरी एकेका ओळीबरोबर पुसली जात होती, हे मला कळत होतं. हात मात्र थांबला नाही.

मी वळलो तेव्हा पिसे सरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "असा वर्ग मी उभ्या जन्मात पाहिला नाही," मी म्हणालो. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "म्हणजे बाईंमध्ये तुम्हाला काही कमी दिसत नाही?"

"नाही सर."

"तुमचा विचार करून बोला."

"केला सर," मी म्हणालो. ते आपल्या खोलीकडे वळले. चहाही त्या दिवशी आला नाही.

कोष्टी बाई ठरल्याच्या आधी चार दिवस हजर झाल्या. सडसडीत, पांढरी साडी, डोळ्यांवर काळा चष्मा. तो त्यांनी वर्गाच्या दारात काढला आणि एकेका पोराकडे बघितलं. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, घाई न करता. नजीरकडे बघून त्या थांबल्या. नजीर म्हणाला, "बाई, दिसतंय न्हवं?"

"दिसतंय," बाई म्हणाल्या. "मिशी फुटायला लागली की तुला."

सगळा वर्ग हसला. मग बाई मला पोर्शन कुठवर आला ते विचारू लागल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि दार त्यांच्या पाठीमागे होतं. तेवढ्यात दारात पिसे सर आले. वर्गाने धाडदिशी पाय आपटले. बाई वळल्या, सरांना नमस्कार केला आणि मग त्यांचा पारा चढला.

"हा काय दणदणाट? मी होते तेव्हा एवढं नव्हतं. मगदूम सर, महिनाभरात वर्ग पार बिघडवून ठेवलात की. तुमचा काही वचक नाही वाटतं पोरांवर?"

पिसे सरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना पाहिजे ते मिळालं होतं, फक्त माणूस बदलला होता. पुढे त्यांनी आसपासच्या दोन-तीन शाळांना माझ्याबद्दल जे सांगितलं ते बाईंच्याच शब्दांत सांगितलं, आणि मला कायम व्हायला आणखी सहा वर्षं लागली. थांबलेली मुलगी तोवर थांबली नाही.

जयमाला उभी राहिली होती. तिचं तोंड उघडलं होतं. काहीतरी बोलणार, आपल्यासाठी हा माणूस बोलणी खातोय हे तिला सहन होईना, एवढं स्पष्ट दिसत होतं. मी तिच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून. आणि बाईंसमोर नीट तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणालो, "चुकलं बाई. मी कमी पडलो."

जयमाला खाली बसली. पिसे सर निघून गेले.

बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. नव्या डोळ्यांनी, जरा जास्तच वेळ. मग त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला.

"बोलता मात्र स्पष्ट हं तुम्ही," त्या म्हणाल्या. "आल्या आल्या असे बोलत नसणार. पोरांनी शिकवलं ना?"

"काय शिकवलं बाई?" मी विचारलं.

पण तोवर त्या फळ्याकडे वळल्या होत्या.